मागच्या ब्रेकमधली हवा

सासुरवाडीच्या लोकांवर मी लग्नापासून कधी पुरता विश्वास ठेवला नाही. कारण एकच. त्या घरात मला कुणी कधी ‘नाही’ म्हटलं नव्हतं. अंगणात खाट मागा, रणरणत्या उन्हात पुरणपोळी मागा, ‘हो जी’ म्हणत हजर. एवढा मान देणारी माणसं पोटात काय ठेवत असतील, याचा मला घोर लागायचा.

साठ सालानंतरची गोष्ट. बायको पहिल्या बाळंतपणासाठी अकोटला माहेरी होती. आठवा सरत आला तेव्हा सुईण म्हणाली, मूल आडवं आहे. निरोप मिळताच मी अमरावतीहून आलो आणि सासऱ्यांना सांगितलं, हिला आजच मोठ्या दवाखान्यात नेतो, तुमची जीप द्या. ते ‘हो जी’ म्हणाले. जरा वेळानं म्हणाले, जेवून निघा. मग म्हणाले, ऊन उतरू द्या. मला वाटलं, यांना पोरगी सोडायचीच नाही, बाळंतपण घरीच उरकायचंय. पाणी कुठंतरी मुरत होतं.

जीप लष्कराच्या लिलावातली, जुनी. शेतकी खात्याच्या नोकरीत मी तसली गाडी रोज चालवत होतो. गल्लीत एक चक्कर मारली तर ब्रेकचा पायडल थेट खाली टेकला. मागच्या ब्रेकच्या तेलाच्या नळीत हवा शिरली होती. वाटेत नदीचे उतार, आणि गाडीत आठ महिन्यांची पोटुशी बाई. साळ्याला विचारलं, ब्रेक ऑइल आहे का, आत्ताच हवा काढू. ‘आहे न भाऊजी’ म्हणून तो गेला, तो बऱ्याच वेळानं तांब्या घेऊन आला. डबा कुठंय, विचारलं. म्हणे, डबा गळत होता.

हवा काढायला दोघं लागतात. मी पायडलवर बसलो, तो पाना घेऊन मागच्या चाकाखाली शिरला. त्यानं ‘दाबा’ म्हटलं की मी पाय दाबून धरायचा. त्यानं चाकामागचं निपल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, सैल करायचं, हवा आणि तेल बाहेर आलं की आवळायचं आणि मग ‘सोडा’ म्हणायचं. आवळण्याआधी पाय सुटला की हवा पुन्हा आत. मला तो दिसत नव्हता, त्याला मी दिसत नव्हतो, सगळा कारभार शब्दावर. माझ्यासारख्या संशयी माणसाला याहून वाईट काम नाही. मी मधेच उतरून, वाकून पाहून आलो. तो नुसता हसला. ते हसूही मला आवडलं नाही.

साळा मधूनमधून येऊन ब्रेकच्या टाकीत तेल ओतत होता; तांब्या रिकामा होत आला तसा पायडल घट्ट लागू लागला. साळा बाहेर येऊन फडक्यानं हात पुसू लागला आणि मला वास आला. ठेच्यावर घेतात त्या तेलाचा. तांब्यात बोट घालून चाटलं. जवसाचं तेल! ब्रेकच्या आतल्या रबराच्या वाट्या फुगवणारं, वाळलं की डिंकासारखं चिकटणारं. सासूबाईंनीच काढून दिलं होतं.

मी ओरडलोच. सासऱ्यांनी मान खाली घालून खरं काय ते सांगितलं. ब्रेक ऑइल गावात कुठंच नव्हतं, उद्या अकोल्याहून येणार होतं. मग मला तसं सांगितलं का नाही, विचारलं.

“जवाईबुवाले नाही कसं मनाव जी?”

त्यांचं ‘जेवून निघा’ हाच त्यांचा नकार होता, आणि मला तो कळला नव्हता. ही माणसं पोटची पोर नदीत घालतील, पण जावयाला ‘नाही’ म्हणणार नाहीत.

बायको पिशवी घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पिशवी खाली ठेवून ती म्हणाली, मी या गाडीत बसत नाही, तेल येईल तेव्हा निघू. सासरे हळू आवाजात तिला म्हणाले, जवाईबुवासमोर असं बोलू नये.

“तुमी जवायाले नाही मनत नाही,” ती म्हणाली, “अन् हे मले इचारत नाही. पोट त माह्यं हाय.”