उलट्या मुरडीचा कानोला

ती घटना आजही मनातून जात नाही, आणि त्यातलं निम्मं श्रेय माझ्या पोटाचं आहे. महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, दिवसांत घरात तळणीचा वास सुटला की मी सुरू होतो. "झालं, यांचं तैवान निघालं," म्हणत बायको कढईकडे वळते. मुलं त्याआधीच उठून गेलेली असतात. म्हणून आता वाचकांना सांगतो.

तेव्हा मी अमरावतीत फौजदार होतो. राजापेठेतली एक तरुण मुलगी घरातून निघून गेली होती. वडील नव्हते. मामाने अकोल्याचं स्थळ आणलं होतं. मुलीला मात्र हॉटेलात स्वयंपाकाचं काम शिकायचं होतं. "लोकाईचे खरकटे भांडे घासाले जातं काय?" असं आई रागात बोलली. दुसऱ्या दिवशी मुलगी फोन बंद करून गेली. ठाण्यात मिसिंगची तक्रार दाखल झाली. आई रोज यायची आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरच्या बाकावर बसायची. काही विचारायची नाही. भांडली असती तर आम्हाला सोपं गेलं असतं.

एका ऑटोवाल्याने खबर दिली: पुण्याच्या ट्रॅव्हल्सवर सोडायला सोबत एक मैत्रीण होती. मैत्रिणीला तिच्या वडिलांसह बोलावलं. मी माझा ठेवणीतला आवाज काढला. ती शांतपणे म्हणाली, "सर, ती सज्ञान हाय. कोनी पळवून नाई नेलं तिले."

कायदा तिच्या बाजूने होता. मी पाणी प्यालो.

आमच्या महिला हवालदार ताई एवढंच म्हणाल्या, "बाई, बाहेर बाकावर तिची माय बसून हाय. जाताना तिच्यासमोरून जा."

मैत्रीण दारापर्यंत गेली आणि तिथूनच परत आली. "कोरेगाव पार्कात हाय. तैवानी हॉटेल हाय म्हने. मोमोसारखं काहीतरी बनवते."

आईला आम्ही फक्त "तपासाला बाहेरगावी जातो" असं सांगितलं. निघताना तिने स्टीलचा डबा आणून दिला. आत कानोले होते, करंजीसारखे, कडेला दोरीसारखी मुरड घातलेले. "महालक्ष्म्या निघाल्या का देतो न साहेब मुरडीचा कानोला, परत याव्या म्हणून. हिले द्याचा राहून गेला." मग हसल्यासारखं करून म्हणाली, "पोरगी डावरी हाय. तिची मुरड उलटी पडते. लई बोलत होती मी तिले त्याच्यावरून."

कोरेगाव पार्कातलं ते हॉटेल म्हणजे काचेचं दार, दारात कुंड्या आणि आत इतका मंद उजेड की मला पंचनाम्यासाठी बॅटरी काढावीशी वाटली. आम्ही साध्या कपड्यांत होतो. तरी बसण्याआधीच वेटरने विचारलं, "सर, काही प्रॉब्लेम झालाय का?"

"साहेब, तुमी मिशी घरी ठेवून याले पायजे होती," ताई पुटपुटल्या.

त्या नावाची मुलगी इथे नाही, असं मॅनेजर म्हणाला. मग जेवण मागवलं. बांबूच्या दोन टोपल्या आल्या, वाफाळणाऱ्या, पांढऱ्या डंपलिंगच्या. जोडीला दोन काड्या. नोकरीत हातून बरेच जण निसटले, पण इतकं गुळगुळीत कोणी नव्हतं. शेवटी हाताने उचललं आणि तोंडाशी नेलं, तोच ताईंनी मनगट धरलं.

"थांबा! पुरावा खाऊन राहिले तुमी!"

एका टोपलीतल्या चुण्या उजवीकडे कललेल्या होत्या, माझ्या पुढ्यातल्या टोपलीतल्या डावीकडे. टेबलाखाली डबा उघडून आईचा कानोला शेजारी धरला. बरोबर उलट.

"ही टोपली ज्यांनी केली, त्यांना बोलवा," मी म्हणालो.

पिठाच्या हातांनी ती बाहेर आली. इथे तिला सगळे घरच्या लाडक्या नावाने ओळखत होते. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. तिची नजर डब्यावर होती. ताईंनी जबाब घेतला: स्वतःच्या मर्जीने आले, आईला पत्ता देऊ नका, मामा गाडी घेऊन येईल. तिने सही केली. मग तिनेच विचारलं, "ठाण्यात येते का ती?"

"रोज," मी म्हणालो.

ती डबा घेऊन आत गेली. बऱ्याच वेळाने आली तेव्हा डोळे लाल होते आणि डबा जड होता. "डंपलिंगच तळून देल्ले, टिकतीन. रिकामा डबा कसा देऊ?"

अमरावतीला मी आईला सांगितलं, "सुखरूप आहे. पत्ता मात्र मला सांगता येणार नाही." तिने डबा उघडला. एक उचलून कडेवरून बोट फिरवलं.

"उलटीच हाय अजून," ती म्हणाली आणि पहिल्यांदा मोकळं हसली. "पर मुरड घातली तिनं." पत्ता तिने विचारला नाही. दुसऱ्या दिवसापासून बाक रिकामा होता. खरं सांगतो, मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

पुढे माझी अकोल्याला बदली झाली. पुढच्या महालक्ष्म्या झाल्यावर अमरावतीहून आलेल्या एका शिपायाने तोच डबा टेबलावर ठेवला. निरोप नव्हता. आत कानोले होते. अर्ध्यांची मुरड उजवीकडे, अर्ध्यांची डावीकडे. मी दोन्हीतला एकेक उभ्यानेच खाल्ला.

माणूस सापडला की पोलिसांचं काम संपतं. घराचं तिथून सुरू होतं, हे मी त्या डब्यापाशी शिकलो. आता माझी मुलगी बंगळुरात आहे. ती जायला निघते त्या दिवशी मी स्वयंपाकघरात घुसतो. माझी मुरड कढईत सुटते आणि सारण तेलभर होतं. "काड्यांनी धरून पाहा," बायको म्हणते.

त्यातला त्यात कमी फुटलेला एक मी मुलीच्या बॅगेत ठेवतोच.