कुंकवाखालचा नंबर

माझ्या गाडीचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं की लोक बघायला येतात, आणि सध्या कोणी बघायला येऊ नये असंच मला वाटतं. जपानी आहे, टर्बो आहे, आपल्याकडे मोजक्याच आल्या, एवढं पुरे. त्याच कंपनीची साधी गाडी मात्र आपल्या रस्त्यांवर पुष्कळ धावली आणि दोघींचा सांगाडा जवळपास सारखाच. त्यामुळे साध्या गाडीला मोठा बंपर आणि स्पॉयलर लावून ती ‘असली’ म्हणून गळ्यात मारणारे उदंड झाले.

नागपुरात कोणाला अशी गाडी घ्यायची असली की तो आधी मला घेऊन जातो. मी हिंगण्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे, खोट काढणं हेच माझं काम. बंपर-बिंपर मी बघतच नाही. बॉनेट उघडतो आणि इंजिनामागच्या पत्र्यावर ठोकलेला चेसिस नंबर बघतो. कंपनीत ठोकलेली अक्षरं एका रेषेत, एका खोलीची असतात. नकली गाडीवर असलीचा नंबर हाताने ठोकलेला असतो, त्यातलं एखादं अक्षर कुठेतरी तिरपं जातंच. अर्ध्या मिनिटात निकाल. कन्हानच्या एका हौशी माणसाला मी त्याच्या दारात उभं राहून सांगितलं होतं की तुमची गाडी नकली आहे. त्याचं तोंड उतरलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगतो, बरं वाटलं. आणखी एक कमी झाली, असली आपल्याच दारात, असा तो हिशेब.

माझ्या गाडीला पंधरा वर्षं पूर्ण व्हायला आली आणि नोंदणी नव्याने करायची वेळ आली. त्यासाठी गाडी आरटीओत न्यावी लागते. तिथे चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतात, नंबरचा ठसा कागदावर उमटतो आणि तो जुन्या कागदांशी जुळवतात. ठसा जुळला नाही तर गाडी चोरीची आहे का, इथून चौकशी सुरू. आधी घरीच एकदा ठसा घेऊन बघावा म्हणून एका रविवारी सकाळी मी बॉनेट उघडलं. नंबरवर कुंकवाचा जाड थर होता.

तो थर माझ्याच शहाणपणाचा. सात वर्षांपूर्वी ही गाडी जुनी विकत घेतली, त्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला बायको ओलं हळदकुंकू घेऊन बॉनेटवर स्वस्तिक काढायला निघाली, तेव्हा मी आडवा आलो. पांढऱ्या रंगावर डाग पडला असता. मीच बॉनेट उघडून आत बोट दाखवलं, की इथे लाव, या नंबरवर, हाच या गाडीचा देव. “काही पण असते तुमचं,” असं म्हणत तिने लावलं. पूजेचं कुंकू पुसायचं नसतं म्हणून मी पुसलं नाही. पुढच्या दसऱ्याला त्यावरच आणखी लावलं. असे सात दसरे झाले. ठसा घ्यायची गरज कधी पडली नाही, आणि त्या लाल थराकडे मी मोठ्या कौतुकाने बघत आलो.

ओल्या फडक्याने थर काढला, तर त्यासोबत पत्र्याचा खवलाही निघाला. खाली ओल धरून सगळा गंज. सुरुवातीची चार अक्षरं गेलेली, उरलेली इतकी पुसट की बोट फिरवलं तरच कळावीत. पॉलिश पेपरने थोडं घासून बघावं असं वाटलं, पण घासलेला नंबर दिसला की त्याचा अर्थ काय काढायचा, हे मीच लोकांना शिकवत आलो होतो. मी तसाच बसून राहिलो.

“काहून असे बसून राहिले?” बायकोने विचारलं. मी सांगितलं. ती बराच वेळ आत वाकून बघत होती. मग म्हणाली, “मी तं बाहेरच लावून राहिली होती.”

पुढचे पंधरा दिवस मला धड जेवण गेलं नाही. कामावर नजर चुकायला लागली. आरटीओत साहेबांनी पेन्सिल घासली, कागद उजेडात धरला आणि विचारलं, “नंबर कोणी घासला?”

“कोणी नाही साहेब. कुंकवाने खाल्ला.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अशी गोष्ट मला कोणी सांगितली असती तर मीही असंच पाहिलं असतं. मला रागवायलासुद्धा तोंड नव्हतं. पण साहेब माणूस सरळ निघाला. इंजिनाचा नंबर जुळला, चेसिसचे शेवटचे आकडे जुळले, गाडी परदेशातून आल्याचे जुने कागद घरात होते. चार खेपा, एक शपथपत्र, आणि मग परवानगी मिळाली, की जुन्या नंबरच्या बाजूला तोच नंबर नव्याने ठोकून घ्या, आम्ही तशी नोंद करतो.

ठोकणारा मिस्त्री एकेका अक्षराचा खिळा पत्र्यावर धरून हातोडी मारत होता आणि मी टॉर्च धरून उभा होतो. सातवं अक्षर तिरपं गेलं. त्यालाही दिसलं. “चालते जी, कागदावर थोडी दिसते,” तो म्हणाला. मी मान डोलावली. आता ही गाडी मला कोणी दाखवली असती, तर मी बॉनेट उघडून लगेच बंद केलं असतं.

गाडीला आणखी पाच वर्षं मिळाली. घरी आलो तर बायकोने चहा पुढे ठेवला.

“काम झालं ना? मंग तोंड काहून उतरलं? लोकं काही पण म्हणोत. तुमाले तं मालूम आहे ना, असली आहे म्हणून?”

“आहे,” मी म्हणालो आणि चहा प्यायलो.

घेताना मी नंबर कागदाशी जुळवला होता, हे खरं. पण अक्षरं रेषेत आहेत का, ते पाहिलं नव्हतं. बॉनेट उघडण्याआधीच जुन्या मालकाने गाडी सुरू केली, तो आवाज मी ऐकला, आणि मग मला पाहायचंच नव्हतं. एखादं तिरपं निघालं असतं, तर ती सोडून यावं लागलं असतं.