आईची चाल, दुसऱ्याच अंगावर

ऑगस्टमधला दुसरा रविवार, दुपार. नाशिक, कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतला ॲनिमेशनचा क्लास. वरच्या मजल्यावरचा हॉल.

हजर: क्लास चालवणाऱ्या मॅडम. शिकवणारे निखिल सर. आमच्या बॅचची पोरंपोरी, बहुतेक विशीतली, आणि त्यांचे आईबाप. खास पाहुणे म्हणून घर झाडणारी यंत्रं विकणाऱ्या शोरूमचे मालक. दुसऱ्या रांगेत, अगदी मधोमध, माझी आई. तिच्या शेजारी मी, बॅचमधली सगळ्यांत वयस्क विद्यार्थिनी.

दिवे गेले. पडद्यावर एक बाई आली. काळी, जाडी, मुद्दाम फुगवलेली कंबर, चपटं नाक, हातात झाडू. तिनं डावा पाय न वाकवता बाहेरून फिरवून टाकला. खांदा उजवीकडे पडला. क्षणभर थांबली. पुन्हा निघाली. कंबर डावीकडे गेली, फुलदाणी पडली. ढोल वाजला. कंबर उजवीकडे गेली, टीव्ही पडला. पुन्हा ढोल. मग अक्षरं आली: 'मावशी डुलते, काम राहते.' मावशी बाहेर गेली आणि एक चकचकीत गोल यंत्र आत आलं.

हॉल हसला. सगळा हॉल.

ती बाई मी कधी पाहिलेली नव्हती. पण ती चाल मी केलेली होती. आणि ती चाल माझ्या आईची होती.

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. पदर गुडघ्यांवर ओढून घेतला. तेवढंच.

हे कसं झालं ते क्रमानं सांगते.

मी पिंपळगाव बसवंतला एका पॅकहाउसमध्ये सुपरवायझर आहे. द्राक्षांचा हंगाम असला की दिवसभर पायांवर, हंगाम संपला की घरी. दर वर्षी नव्या बायका कामावर येतात. घड कसा धरायचा, कात्री कुठं लावायची, कुठला मणी काढायचा, हे त्यांना घसा बसेपर्यंत सांगावं लागतं. भिंतीवर लावलेले फोटो कोणी बघत नाही. मला वाटलं, हलतं चित्र करावं. हात कसा फिरतो तेच दाखवावं. शिवाय माझेही पाय आता बोलायला लागले होते. बसून करायचं काम हाताशी असलेलं बरं.

मोबाइलवर धडे शोधले. धड्यातला मुलगा भराभर बोलायचा, निम्मं हिंदी, निम्मं इंग्रजी. मी थांबवायची, मागं न्यायची, लिहून घ्यायची, करून बघायची. आधी चेंडू उसळवला. माझा चेंडू कापसाचा वाटायचा, वजनच नाही. पुन्हा केला. मग लोलक. मग शेपटी. मग हात. घरचा जुना कॉम्प्युटर हातापर्यंत टिकला. अख्खा माणूस आला की बंद पडायचा. म्हणून हंगाम संपल्यावर क्लास लावला.

पहिल्या दिवशी मॅडमनी आडनाव विचारलं. मग विचारलं, राहता कुठं. नाशिक रोडच्या आमच्या वसाहतीचं नाव सांगितलं. "हो का. छान," म्हणाल्या. पुढं काही विचारलं नाही. विचारावं लागत नाही. आडनाव आणि वसाहत, एवढ्यात आमची सगळी माहिती भरून होते.

माणूस चालवणं हा मोठा धडा. टाच टेकते, अंग खाली बसतं, दुसरा पाय ओलांडतो, अंग वर येतं. एक पाऊल नीट करायचं आणि तेच उलटवून दुसऱ्या पायाला लावायचं. निम्मं काम वाचतं. सगळे असंच करतात. मीही केलं आणि मोबाइलवर घेऊन आईला दाखवलं.

"कोण हाय हा?"

"कोणी नाही. नुसता चालतोय."

"असं कोण चालतं गं? ह्याला कुठं जायचंच नाय."

बरोबर होतं. दोन्ही पावलं सारखी टाकणारा माणूस मी तरी आमच्याकडे बघितलेला नाही.

आई महापालिकेत रस्ते झाडायची. नोकरी संपली तेव्हा डावा गुडघाही संपला होता. मी म्हटलं, "तू चाल. मी मोबाइलवर घेते."

"मी काय नटी हाय?" म्हणाली. पण आत गेली, केसांना तेल लावलं, बरी साडी नेसली. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. वळून विचारलं, "नीट आलं का? परत चालू?"

ते चित्रण मी थांबवून थांबवून बघितलं. आईची दोन पावलं सारखी नाहीत. एक उलटवून दुसऱ्याला लावता येत नाही. डावा पाय वाकत नाही म्हणून ती कंबर उचलते आणि पाय बाहेरून आणते. उजव्या पायावर जरा जास्त थांबते, पुढची जागा बघून घेते. डावा हात हलतो, उजवा हलत नाही. तो अंगाजवळ आवळलेला असतो. हातात झाडू नसला तरी त्या हाताला ते माहीत नाही.

एकेक पाऊल वेगळं केलं. क्लासमध्ये सरावाला एक राखाडी बाहुली देतात. तिला नाक नाही, डोळे नाहीत, कपडे नाहीत. नुसतं शरीर. तिच्यावर केलं. कितीदा पुसलं, कितीदा केलं. जमलं तेव्हा आईला दाखवलं. ती बघत राहिली. पुन्हा लाव म्हणाली. मग म्हणाली, "ही मी हाय. तोंड नाय, तरी मी हाय."

मला आयुष्यात इतकं मोठं सर्टिफिकेट कोणी दिलेलं नाही.

सरांनाही आवडलं. "काकू, कमाल केलीत! हे आमच्या पोरांना सुचणार नाही. ती कुठं बघणार असली माणसं? तुमच्याकडे मटेरियल घरातच."

'असली माणसं' हे मी ऐकलं. बाजूला ठेवलं. आपल्याला बाजूला ठेवायची सवय असते.

रविवारच्या कार्यक्रमात तुमची चाल पडद्यावर दाखवणार, घरच्यांना आणा, असं सर म्हणाले. म्हणून आई आली. वसाहतीतल्या चार जणींना सांगून आली.

आता या धंद्यातली एक सोय सांगते. एका बाहुलीच्या आतल्या सांगाड्याला दिलेली हालचाल उचलून दुसऱ्या बाहुलीच्या सांगाड्यावर चढवता येते. अंग कुणाचंही, चाल कुणाचीही. रोज करतात. चोरी वाटत नाही. शोरूमनं क्लासकडून एक जाहिरात करून घेतली होती. सरांनी आईची चाल तिच्यातल्या बाईवर चढवली होती. मला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं, हेच त्यांच्या मनात आलं नसणार.

तर, हॉल.

पोरांनी "वन्स मोअर!" केला. पुन्हा लावली. ढोल, फुलदाणी, ढोल, टीव्ही. मागं एक पोरगा म्हणाला, "कसली डुलतीये भाऊ!" आमच्याच रांगेतली एक बाई नवऱ्याला म्हणाली, "आपली अगदी हीच हो. काम सांगितलं की लगेच गुडघा."

मी आईच्या कानाशी गेले. "चल, निघू."

"कसं?" आई म्हणाली.

मला कळायला वेळ लागला. हॉलला एकच दार, तेही पडद्याला लागून. निघायचं म्हणजे उठायचं. उठायचं म्हणजे चालायचं. रांगेतून बाहेर, पडद्यासमोरून, या सगळ्यांसमोरून, तीच चाल. डावा पाय बाहेरून फिरवत. खांदा पाडत. आई त्या खुर्चीत कोंडली गेली होती. तिला बाथरूमला जायचं होतं, हे तिनं मला घरी गेल्यावर सांगितलं.

दिवे लागले. सरांनी माइक घेतला. "आणि ही धमाल चाल केलीये आपल्या काकूंनी! या काकू, या!"

मी गेले. मॅडमनी ट्रॉफी हातात दिली. शोरूमचे मालक हात जोडून हसले. "काय पकडलीत हो मावशी! आमच्या घरचीच आणून उभी केलीत."

मी माइक मागून घेतला. "ही चाल माझ्या आईची आहे. ती इथंच बसली आहे."

मला वाटलं, आता हे लोक शरमतील. तेवढी माझी अपेक्षा होती.

सरांचा चेहरा उजळला. "अरे वा! म्हणजे खऱ्या मावशी आपल्यातच आहेत! जोरदार टाळ्या! आजी, उठा ना. एकदा इथपर्यंत चालून दाखवा. पोरांना लाइव्ह बघू दे."

टाळ्या पडल्या. मोबाइल वर झाले. रांगेतल्या बाईनं आईला वाट द्यायला पाय आत घेतले, मघाची तीच बाई.

आईनं पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. आणि दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

मी म्हटलं, "नाही."

"काकू, लाजताय काय..."

"ती चालणार नाही. मोबाइल खाली करा."

कोणी केले, कोणी नाही. माझ्या आत काहीतरी सरळ झालं. राग म्हणावा तर राग नव्हता. हंगामात पट्ट्यावर माल अडकला की जो आवाज लागतो, तो लागला. "प्रोजेक्टर बंद करा. मोबाइल खिशात. सगळ्यांनी बाहेर चला. शेवटच्या रांगेपासून, एकेक रांग. माझी आई शेवटी उठेल. तेव्हा इथं कोणी नको."

मॅडम पुढं आल्या. हळू, समजुतीच्या सुरात. "अहो, लोक हसले म्हणजे काम जमलं. कौतुक आहे हे. तुम्ही लोक ना, लगेच मनाला लावून घेता."

'तुम्ही लोक' हे मी या वेळी बाजूला ठेवलं नाही.

"कौतुक असेल तर तुमच्या आईंना चालायला सांगा. मी त्यांची चाल करते आणि याच अंगावर चढवते. इथंच लावू."

मॅडम लाल झाल्या. "माझ्या आईला मधे आणू नका."

"माझी तुम्ही आणलीत."

मी दाराशी जाऊन उभी राहिले. शेवटची रांग उठली. मग तिच्या पुढची. माझ्यासमोरून जाताना काही खाली बघत होते, काही तोंड वाकडं करून. एक मुलगी "सॉरी" पुटपुटली. हॉल रिकामा झाला. सर शेवटी गेले. ट्रॉफी मी त्यांच्या खुर्चीवर ठेवली होती, तिथंच राहिली.

मी आईकडे निघाले, तर म्हणाली, "हात नको. मी येते."

मी तोंड दाराकडे केलं. त्या वेळी मीही तिला बघायला नको होतं. मागं खुर्ची सरकली. एक पाऊल, थांबणं, एक पाऊल. तो आवाज मला पाठ होता.

आम्ही रिक्षानं निघालो. पुलावर आल्यावर आई म्हणाली, "तुझी बाहुली चांगली होती. तिला तोंड नव्हतं. तोंड त्यांनी दिलं."

त्याच आठवड्यात मॅडमनी बोलावलं. झालं गेलं विसरा, म्हणाल्या. शोरूमला मावशीच्या आणखी जाहिराती हव्या होत्या. "तुम्हीच करा. नोकरीच समजा. बसून काम, एसीत."

मला हवं होतं तेच काम. नेमकं तेच.

मी म्हटलं, "नोकरी नको. ती चाल काढा."

"प्रवेश घेताना सही केलीत तुम्ही. क्लासमध्ये केलेलं काम क्लासचं. आता जाहिरात शोरूमकडे गेली. चाल काढता येत नाही."

येते. ती काढून दुसरी कुठलीही चाल लावायला एक दुपार पुरते. हे मी त्यांच्याच क्लासात शिकले आहे. तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, मालकांशी बोला. मालकांकडे गेले. ते म्हणाले, मॅडमशी बोला.

मी क्लास सोडला. शिकणं सोडलं नाही. मोबाइलवरचे धडे चालू आहेत. कोणाचं शरीर त्याला विचारल्याशिवाय मी उचलणार नाही. आणि माझ्या माणसांचं शरीर मी कोणाला उचलू देणार नाही. सही असो, नसो.

आई मात्र आता माझ्यासमोर उठत नाही. मी घरात असले की तहान लागली तरी बसून राहते. मी बाजारात गेले की उठते. मी म्हटलं, "मी तुझी मुलगी आहे." ती म्हणाली, "माहीत हाय." आणि बसून राहिली. गॅलरीत चाललेली ती बाई, परत चालू का विचारणारी, ती त्या हॉलमधून घरी आलेली नाही.

शोरूमच्या काचेत मोठा पडदा आहे. त्यावर दिवसभर ती जाहिरात चालते. सिग्नलला थांबलेले लोक बघतात, हसतात, हिरवा लागला की जातात. मी दर शनिवारी तिथं जाऊन दारात उभी राहते. आत जाणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगते, "ती चाल माझ्या आईची आहे. तिला न विचारता लावली आहे." एवढंच. मालकांनी आधी चहा विचारला, मग वॉचमन पाठवला, मागच्या खेपेला पोलिसांत देईन म्हणाले. मी म्हटलं, द्या. तिथंही हेच सांगीन.

हंगाम सुरू झाला की शनिवार मिळणार नाही, रविवारी जाईन. जाहिरात अजून चालू आहे. ती उतरवायची बाकी आहे.