‘आमचे चुकले’ची चौकट

मंडईमागच्या बोळात शिरले, की आधी कोथिंबिरीच्या ओल्या जुड्यांचा वास यायचा, मग सडक्या लिंबांचा, आणि तिसऱ्या दारापासून शाईचा नि रॉकेलचा… त्या दाराआड माझे बाबा ‘उंबरा’ नावाचे चार पानी साप्ताहिक काढत. मोठ्या दैनिकांना ज्यांचे वावडे, ती माणसे ‘उंबऱ्या’त यायची — खडकीच्या कारखान्यातून काढलेले कामगार, झाडूवाल्या बायका, नळ असून पाणी नसलेल्या वस्त्या.

बुधवारी शाळा सुटली, की मी मूळ मजकूर स्वल्पविरामासकट मोठ्याने वाचायची आणि बाबा छापून आलेल्या ओलसर कच्च्या मुद्रितावर चुकांच्या खुणा करायचे. एका बुधवारी ते तापाने फणफणले होते, म्हणून शेवटचे पान मी एकटीने तपासले, मोठ्या ऐटीत. शनिवारी अंक निघाला आणि सकाळीच एक निवृत्त मास्तर छत्री टेकत दारात उभे राहिले. त्यांच्या पत्राखाली नावाआधी ‘श्री.’ऐवजी ‘कै.’ छापले होते.

“अहो संपादक, मी अजून आहे. आपल्याला कळवावं म्हटलं.”

बाबांनी हात जोडले. मी कागदाच्या गठ्ठ्यांमागे लपले. आता मुद्रित पुन्हा कधी हाती मिळणार नाही, हे मी धरूनच चालले.

“बाबा, ‘मुद्रणदोष’ लिहा ना… सगळे तसंच लिहितात.”

“यंत्राला कशाला बोल लावायचा? ‘आमचे चुकले’ लिहू. पहिल्या पानावर, चौकटीत.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “आणि ‘आमचे’ म्हणजे तुझ्या एकटीचं नव्हे गं.” बुधवारी त्यांनी पुढच्या अंकाचे मुद्रित माझ्या हातात दिले. मला रडू आवरेना.

वाचक म्हातारे होत गेले, छपाईचे खिळे भंगारात गेले, ‘उंबरा’ बंद पडला. परवा बाबाही गेले. एका मोठ्या दैनिकाच्या संकेतस्थळावर चार ओळी आल्या — ‘उंबर’ साप्ताहिकाचे संपादक. काना गळला होता. भांडायचे त्राण नव्हते, तरी फोन केला.

“सॉरी मॅम, लगेच फिक्स करतो,” पलीकडचा तरुण अदबीने म्हणाला. “झालं बघा! आता चूक झाली होती हे कुणाला कळणारसुद्धा नाही.”

मी आभार मानून फोन ठेवला. मग जुन्या वहीच्या पानावर पट्टीने चौकट आखली, आत लिहिले — आमचे चुकले. ‘उंबर’ नव्हे, ‘उंबरा’. दोनदा तपासले. बरोबर होते… पण आता ते छापणार कोण?