सूचना देऊन सोडलेला बाण

जगात आजवर जितके शिकारी होऊन गेले, त्यांत सावजाला आधी रीतसर सूचना देणारा एकच, आणि तो माझा साडू, हे मी छातीठोकपणे सांगतो. आयुष्यभर त्यांनी बसस्थानकावर गाड्या पुकारण्याची नोकरी केली. निवृत्त ते झाले, त्यांचा आवाज झाला नाही. घरात चहा झाला, तरी ‘चहा ओट्यावर लागलेला आहे, संबंधितांनी लाभ घ्यावा’ हे खालच्या मजल्यालाही कळते. एकदा त्यांनी मला आमच्या शहरातल्या द्वारकेच्या चौकात हाक मारली, तर अख्खा चौक जागच्या जागी थांबला. अर्थात, वाहनांच्या कोंडीने तो चौक एरवीही थांबलेलाच असतो.

या भल्या माणसाला साठीनंतर धनुष्यबाणाचे वेड लागले, त्याला कारण त्यांचे थोरले भाऊ. घोटीजवळची भातशेती ते एकटे बघतात. दर वर्षी नवा तांदूळ निघाला की साडू गावी जातात, ओटीवर बसतात आणि भाऊ आतून पिशवी भरून आणून हातात देतात. गेल्या खेपेला मीही बरोबर होतो, तेव्हा रानडुकरांनी निम्मे शेत तुडवले होते. साडू म्हणाले, “दादा, पुढच्या वेळी मी येतो राखणीला.” भाऊ म्हणाले, “नगं. तू पाव्हणा हायेस.” एवढेच. पण ते साडूंना फार लागले. “सख्ख्या भावानं पाहुणा म्हणावं, साडूभाऊ?” असे परतीच्या वाटेवर त्यांनी मला इगतपुरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, आणि त्याच आठवड्यात धनुष्य घेतले. डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते, हे मी सांगून पाहिले. “परवानगी मिळेल तेव्हा मिळेल. नेम आधी नको का?” साडू म्हणाले.

आता नेम कशावर धरायचा? आधी चिंध्या भरलेले पोते झाले. पण “पोत्याला चेहरा नाही, त्वेष येत नाही,” म्हणून ते बाद झाले. मग सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटच्या भिंतीशी लाल भोपळा मांडला. साडूंनी दोरी ताणली आणि सवयीने घोषणा केली, “लक्ष द्या! भोपळ्याच्या दिशेने जाणारा बाण थोड्याच वेळात सुटत आहे!” बाण उशिरा सुटला आणि भलत्याच फलाटाला लागला. भोपळा अखंड राहिल्यामुळे त्याचे घारगे झाले. पुढे कलिंगड झाले, पपई झाली, कोबी झाला. माझ्या मेव्हणीने त्या सात-आठ महिन्यांत भाजी म्हणून वेगळी आणलीच नाही. नवऱ्याचा नेम सुधारू नये म्हणून ती मनातून प्रार्थना करत असावी असा मला संशय आहे.

शेवटी त्यांनी खरेखुरे डुक्कर करायला घेतले. सिमेंटच्या गोणीत पेंढा, नाकाला अर्धी करवंटी, सुळ्यांच्या जागी पांढरे मुळे. इतके हुबेहूब झाले की पार्किंगमधली कुत्री दोन दिवस जिन्यात झोपली. तिसऱ्या दिवशी सकाळी साडू बाण घेऊन खाली उतरतात तो काय, तळमजल्यावरच्या काकूंनी डुकराला हळदकुंकू वाहून जास्वंद चढवलेली! “वराह अवतार आहे हो,” काकू हात जोडून म्हणाल्या. दुपारपर्यंत पुढ्यात दोन नारळ आणि उदबत्ती. पुढच्या शनिवारी प्रसादाचा शिरा झाला आणि साडूंनीच तो घोषणा करून वाटला. देवावर बाण कसा मारणार? भात तर तिकडे पोटरीला आला होता, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या. एकही नेम न लागलेला हा शिकारी मला सोबत घेऊन तसाच घोटीला निघाला.

दिवस कलताना आम्ही बांधावर पोचलो. भाऊ पत्र्याचा डबा बडवत होते. ओरडून ओरडून त्यांचा घसा पार बसला होता. तेवढ्यात करवंदीच्या जाळीतून डुकरे बाहेर आली. साडूंनी दोरी ताणली. आणि सवय ती सवय, तोंडातून निघालेच, “लक्ष द्या! लक्ष द्या!” बाण सुटायच्या आतच डुकरे डोंगराला लागली. मागोमाग आसपासचे बगळेही उडाले. थोरले भाऊ डबा टाकून पोट धरून हसत होते. “बारक्या,” ते बसक्या आवाजात म्हणाले, “त्ये धनुक्य चुलीत घाल. तू नुसता बोंबल.”

साडू कापणी होईपर्यंत तिथेच राहिले. संध्याकाळी शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढून ते घोटी, इगतपुरी, कसाऱ्याच्या गाड्या पुकारत, आणि त्या साली डुकरांनी शेतात पाऊल टाकले नाही. नवा तांदूळ निघाला तेव्हा मी त्यांना आणायला गेलो होतो. दर वर्षीच्या सवयीने साडू पिशवी घेऊन ओटीवर बसले. भाऊ आतून म्हणाले, “बसलास काय पाव्हण्यावानी? आत ये, कणगीतून आपल्या हातानं काढून घे.”

जन्मभर गाड्या पुकारत आलेले साडू गडबडीने उठले. पिशवी तिथेच विसरून ते आत गेले.