उस्तादांचा गुडघा

"श्वास घ्या बाई, फुकटचा हाये."

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, जो दिसायच्या आधी ऐकू येतो. धुक्यातून आधी हे वाक्य यायचं, मग शिट्टी आणि सगळ्यात शेवटी उस्ताद. एटापल्लीच्या वाटेवर आमचा पोलीस कॅम्प. उस्ताद जवानांची कवायत घ्यायचे, मी तिथल्या ऑफिसात कारकून. ऑफिसवाल्यांनीही रोज सकाळी कवायत करायची असा हुकूम निघाला, तेव्हा आम्ही कपाळाला हात लावला. माझं बीपी वाढलेलं, कमरेचा तर पत्ताच नव्हता!

आम्ही काही केल्या वाकत नाही हे बघून उस्तादांनी आम्हाला कॅम्पाशेजारच्या मोहाखाली नेलं. धुकं अजून झाडातच अडकलेलं. फुलं टपटप पडत होती, हवा गोड झाली होती. "वेचा," ते म्हणाले. ऊन वर येईपर्यंत आम्ही वाकत होतो आणि कुणाला कळलंही नाही. मला तर आपण झोपेतच आहोत असं वाटत होतं.

तेवढ्यात एक आजी टोपली घेऊन आली नि कडाडली, "माहं झाड हाये हे! कोनाले विचारून वेचून राह्यले?"

इथं प्रत्येक मोह कुठल्या ना कुठल्या घरचा असतो. उस्ताद पडले माजरीकडचे, कोळशाच्या खाणीजवळ वाढलेले; त्यांना हे कुठलं ठाऊक! त्यांनी कान पकडले, फुलं आजीच्या टोपलीत ओतली. मग बहर सरेपर्यंत आमची अख्खी पलटण आजीची फुलं वेचत होती.

आजीनंच ओळखलं. "बाबू, तू काऊन नाई वाकत? गुडघा गेला का तुहा?"

उस्ताद नुसते हसले. आजीनं दिलेलं मोहाच्या बियांचं तेल ते चोळत बसले की आम्ही मुद्दाम दुसरीकडे बघायचो. धावण्याची वार्षिक चाचणी तोंडावर आली होती. नापास झाले तर मैदान सुटणार, जिल्ह्याच्या ऑफिसात टेबलाशी बसावं लागणार. त्यांना ते नको होतं हो. आम्हालाही नको होतं.

चाचणीच्या सकाळी ते जवानांबरोबर धावले. शेवटच्या वळणावर गुडघा धरून खाली बसले. पुढे गेलेले जवान मागे फिरले आणि त्यांच्याभोवती उभे राहिले.

"काऊन थांबले रे पोट्टेहो? मले सोडा, पळा!"

एकही हलला नाही. चाचणी घेणारे साहेब उस्तादांच्याच हाताखाली शिकलेले. ते हळूच म्हणाले, "उस्ताद, पास लिहितो मी. कोण विचारतंय?"

उस्तादांनी एकेका पोराकडे पाहिलं. डोळे भरून आले होते.

"पाहिलं ना साहेब? माह्यासाठी सारे थांबले. जंगलात गोळी चालून राह्यली असन, तवाबी हे असेच थांबतीन. नापास लिहा."

पेनाचं टोपण उघडायला साहेबांनी फार वेळ लावला. पण लिहिलं. मग पोरांनी उस्तादांना खांद्यावर घेऊन रेषेपर्यंत नेलं, आणि या वेळी उस्ताद 'मले सोडा' म्हणाले नाहीत.