नावापुढचा ठिपका

आमच्या चष्म्याच्या दुकानातल्या वहीत वारलेल्या गिऱ्हाइकाचं नाव आम्ही कधी खोडत नाही. नावापुढे पेन्सिलीने एक ठिपका देतो, एवढंच.

गिऱ्हाइकांची नावं सांभाळणारी दोन सॉफ्टवेअरं महिनाभर फुकट वापरायला मिळाली होती. आज दुपारी वहीतली सगळी नावं दोन्हींत चढवली. ठिपक्यासाठी रकाना कुठेच नव्हता, आणि तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. पहिलं सॉफ्टवेअर बरेच दिवस न आलेल्यांची यादी काढून विचारतं, 'काढून टाकू का?' दुसरं काही विचारत नाही. ते त्यांना आपणहून निरोप धाडतं, 'बऱ्याच दिवसांत भेट नाही. या एकदा.'

"दुसरंच घेऊ," माझी बायको सुनंदा म्हणाली. "माणसं धरून ठेवतं."

मलाही तसंच वाटलं. मग पडद्यावर कुलकर्णी मास्तरांचं नाव दिसलं. त्यांना मी खांदा दिला होता. नावासमोर लिहिलं होतं : निरोप पोचला, वाचला.

बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्या कुणाला देतात, हे मला ठाऊक आहे. तरी वाटलं, वहीला हाक मारता येत नव्हती, म्हणून त्या ठिपक्यांमागे सगळे शांत होते. आज आपण एकेकाचं दार वाजवून आलो.

संगणक हलकेच वाजला.

"लगेच उत्तर आलं की," सुनंदा म्हणाली. "काय म्हणतायत?"

मी ते मोठ्याने वाचलं नाही. मास्तरांच्या नावाखाली लिहिलं होतं, 'आता येणं होत नाही. तुम्हीच या.'